खिशातला कॅमेरा आणि मांडू-महेश्वरची वाट

माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडे पुण्या-मुंबईचे अथवा बडोदा-हैदराबादचे पाहुणे आले, की त्यांच्या आदरातिथ्याचा क्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी इंदूरचा राजवाडा व कृष्णपुऱ्यातील छत्र्या, रात्री सराफ्यातली खाद्ययात्रा. दुसऱ्या दिवशी उज्जयिनीस महाकालेश्वराचे दर्शन. आणि तिसऱ्या दिवशी पहाटे मांडू-महेश्वरकडे प्रयाण. हा क्रम आमच्या वडिलांच्या काळी होता, आमच्याही काळी आहे. बदलली ती वाहने, आणि पाहिलेले टिपून ठेवण्याची साधने.

आमच्या बालपणी घरात पेटीसारखा एक कॅमेरा होता. त्याच्या फिल्मवर बारा चित्रे निघत. त्यांपैकी दोन देवळासमोर, चार सर्व मंडळींची मिळून, एक नव्या सुनेचे, अशी वाटणी घरून निघण्यापूर्वीच होत असे; आणि उरलेली फिल्म वाया जाऊ नये म्हणून परत आल्यावर परसातल्या गाईलाही एकदा कॅमेऱ्यासमोर उभे राहावे लागे. आज खिशातल्या मोबाईलवर न्याहारीपूर्वीच दोनशे चित्रे निघतात, आणि त्यांतील एकशे नव्व्याण्णव पुन्हा कोणीही पाहत नाही. या दोन टोकांच्या मधोमध एक साधन काही वर्षे घरोघर नांदून गेले आणि अजूनही पुरते निघून गेलेले नाही, ते म्हणजे खिशात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा. गेल्या मार्गशीर्षात असा एक कॅमेरा बरोबर घेऊन आम्ही मांडू-महेश्वरची वारी केली. त्या वारीचा वृत्तान्त, आणि त्या ओघात कॅमेरा घेण्याविषयी व वापरण्याविषयी चार व्यवहाराच्या गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

आमच्यासोबत सौभाग्यवती, बडोद्याहून आलेले धाकटे बंधू, त्यांच्या पत्नी आणि त्यांची महाविद्यालयात शिकणारी कन्या अशी मंडळी होती. कॅमेरा मात्र आमच्या कपाटातला, २००९ साली घेतलेला. पुतणीने तो पाहिला आणि आनंदाने उडीच मारली. "काका, हा तुम्ही इतकी वर्षं नुसता ठेवून दिलात? आमच्या वर्गातल्या मुली असाच शोधत फिरताहेत!" तिचे म्हणणे खोटे नव्हते. २०१० च्या सुमारापर्यंत हे कॅमेरे जगभर मुबलक विकले जात होते. पुढे मोबाईलमधील कॅमेरा सुधारत गेला तशी त्यांची मागणी ओसरली आणि कारखानदारांनी एकामागून एक नमुने बंद केले. अलीकडे तरुण मुलामुलींनाच त्यांची पुन्हा गोडी लागली आहे. नवे नमुने थोडे आणि महाग. म्हणून बहुतेकांचा ओढा जुन्या, वापरलेल्या कॅमेऱ्यांकडे असतो.

वापरलेला कॅमेरा घ्यायचा झाल्यास तो हाती घेऊन, चालू करून, मगच दाम मोजावे. बटण दाबताच भिंगाची नळी अडखळता बाहेर येते का व बंद करताच सुरळीत आत जाते का, हे आधी पाहावे. कारण या यंत्रांचे मरण बहुधा त्या नळीत शिरलेल्या वाळूच्या कणानेच ओढवते. एका पांढऱ्या भिंतीचे चित्र काढून त्यावर काळे डाग दिसतात का, तेही तपासावे. बॅटरी फुगलेली नसावी, आणि तशीच दुसरी बाजारात मिळते याची खात्री करून घ्यावी. चार्जर हरवलेला कॅमेरा स्वस्त मिळतो खरा, परंतु ती स्वस्ताई पुढे महागात पडते. कार्डाची जातही विचारावी. काही जुन्या कॅमेऱ्यांना लागणारी निराळ्या घडणीची कार्डे आता सहजी मिळत नाहीत. आणि साधे एसडी कार्ड घेणाऱ्या कित्येक जुन्या यंत्रांना दोन जीबीपेक्षा मोठे कार्ड ओळखताच येत नाही. दुकानदाराने बत्तीस जीबीचे कार्ड कौतुकाने हाती ठेवावे आणि कॅमेऱ्याने त्याच्याकडे पाहण्याचेही नाकारावे, असे प्रसंग घडतात.

मेगापिक्सेलच्या आकड्याला मात्र भुलू नये. नेहमीच्या चार बाय सहा इंची छापील चित्राला दोन मेगापिक्सेलच्या थोडे वर पुरतात, आणि आठ बाय दहा इंची चित्राला सुमारे सात. भिंतीवर लावायच्या चित्रापुरते सामर्थ्य दहा मेगापिक्सेलच्या जुन्या कॅमेऱ्यात सहज असते. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा त्याचे वजन साडेतीन किलोंहून अधिक होते, एक चित्र कॅसेटवर नोंदवण्यास तेवीस सेकंद लागत, आणि त्या चित्राचे सामर्थ्य अवघे ०.०१ मेगापिक्सेल होते. त्या मानाने आपल्या खिशातली डबी म्हणजे श्रीमंतीच म्हणावयाची.

निघण्याच्या आदल्या रात्री तीन कामे करावीत. बॅटरी पूर्ण भारून घ्यावी. कार्डावरील जुनी चित्रे घरच्या संगणकावर उतरवून, ती नीट उतरली याची खात्री झाल्यावरच कार्ड कॅमेऱ्यातच कोरे करून घ्यावे. आणि तिसरे, ज्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते ते काम म्हणजे कॅमेऱ्यातील घड्याळ व दिनांक बरोबर लावणे. बरेच दिवस बॅटरीवाचून पडून राहिलेला कॅमेरा आपली तारीख विसरतो. मग आजचे चित्र दहा वर्षांपूर्वीचे म्हणून नोंदले जाते आणि पुढे घरात वाद माजतात, की अमक्याच्या मुंजीच्या आधी आपण मांडूला गेलो होतो की नंतर!

असो. आम्ही पहाटे निघालो ते पवारांच्या धार शहरावरून. रस्त्याच्या दोहो बाजूंना हरभरा व गहू, आणि मधूनच धुक्याचे पट्टे. या मुलखात कॅमेरा काही काल-परवा आलेला नाही. लाला दीनदयाळ हे इंदूरच्या बांधकाम खात्यात आराखडे काढणारे नोकरदार. १८७४ साली त्यांनी छायाचित्रणास आरंभ केला, आणि पुढे मध्य भारतातील किल्ले, राजवाडे, मंदिरे, संस्थानिक यांची चित्रे काढत ते निजामाच्या दरबारी राजा दीनदयाळ म्हणून मान्यता पावले. इंदूर आणि हैदराबाद या दोन्ही ठिकाणच्या मराठी मंडळींना या माणसाविषयी आपुलकी वाटावी. त्यांच्या काळी अवजड कॅमेरा, तिवई आणि काचेच्या पट्ट्यांच्या पेट्या वाहून न्याव्या लागत. एका काचेवर एकच चित्र. एवढा पसारा डोंगरावर चढवल्यावर मनुष्य कळ दाबण्यापूर्वी विचार करणारच. आपली डबी शंभर-दीडशे ग्रॅमची. विचाराचे ओझे मात्र आपण होऊन उचलावे लागते.

मांडू विंध्याच्या कडेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंच. आलमगीर दरवाज्यातून आत शिरल्यावर आम्ही प्रथम होशंगशहाच्या मकबऱ्याकडे गेलो. संपूर्ण संगमरवरी वास्तू. १६५९ साली शहाजहानच्या पदरचे वास्तुकार ती पाहून गेल्याचा शिलालेख तेथे आहे. या पांढऱ्या घुमटाने पुतणीला पहिलाच धडा दिला. तिने काढलेल्या चित्रात संगमरवर मळकट, राखी दिसू लागला. यात कॅमेऱ्याचा दोष नाही. जे समोर येईल त्याला मध्यम उजेडाचे करून टाकायचे, एवढेच त्याला शिकवलेले असते. पांढरेशुभ्र दिसले की तो उजेड कमी करतो, आणि काळाकुट्ट दगड दिसला की वाढवतो. म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांवर अधिक-उणे अशी जोडखूण असलेली एक सोय असते. पांढऱ्या वास्तूसाठी ती शून्यावरून अधिक एकच्या आसपास न्यावी, आणि काळ्या पाषाणमूर्तीसाठी थोडी उण्याकडे. पुतणीने खूण अधिक दोन-तृतीयांशावर नेली, आणि घुमट पुन्हा पांढरा झाला. काम झाल्यावर ती खूण शून्यावर आणण्यास मात्र विसरू नये, नाहीतर पुढची सारी चित्रे फटफटीत होतात.

तेथून जहाजमहालाकडे. कपूर तलाव आणि मुंज तलाव यांच्या मधोमध सुमारे १२० मीटर लांबीची ही वास्तू दोन पाण्यांत नांगर टाकून उभी आहे. तिची दर्शनी बाजू पूर्वेकडे, म्हणून सकाळचे ऊन तिच्या कमानींवर सरळ येते; दुपार टळल्यावर हीच बाजू सावलीत जाते. कोणत्याही जुन्या वास्तूकडे जाण्यापूर्वी तिचे तोंड कोणत्या दिशेस आहे, एवढी एकच चौकशी केली तरी निम्मे काम होते. भर दुपारी बाराच्या उन्हात काढलेल्या चित्रात कमानींखाली काळोख आणि माणसांच्या डोळ्यांखाली खाचा येतात; त्या वेळी सावलीत बसून दशम्या सोडाव्यात, हे उत्तम. आमच्या वहिनींनी मेथीच्या दशम्या व लसणाची चटणी आणली होती. तेव्हा हा सल्ला आम्ही स्वतः निष्ठेने पाळला.

शेजारच्या हिंदोळा महालाने मात्र करमणूक केली. उंच इमारतीचे शेंडे मावावेत म्हणून कॅमेरा वर उचलला, की चित्रात भिंती मागे कलंडल्यासारख्या दिसतात. तसे होऊ नये म्हणून कॅमेरा सरळ धरून आपणच दूर जावे, असे आम्ही पुतणीला समजावून सांगत होतो. तिने तसे केले, तरी भिंती कललेल्याच. तेव्हा बंधू हसून म्हणाले, "अहो दादा, त्या मुळातच तशा बांधल्या आहेत." खरेच, या महालाच्या बाहेरच्या भिंतींना उतार दिलेला आहे, आणि त्यावरूनच त्याला झोपाळ्याचे नाव पडले. पुतणीने ते वाक्य वहीत लिहून घेतले. अशी नोंद नसती, तर वीस वर्षांनी कोणीतरी तेच चित्र पाहून काढणाऱ्याच्या हाताला बोल लावला असता.

महालांच्या आतील दालनांत उजेड कमी. तेथे फ्लॅशचा मोह होतो. परंतु या छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश दहा-बारा फुटांपलीकडे पोचत नाही, आणि जवळच्या भिंतीवर पडला तर तिचे सारे खोदकाम सपाट करून टाकतो. जाळीतून येणाऱ्या उजेडाची नक्षी जमिनीवर पडलेली असते, तीही पुसली जाते. अशा जागी फ्लॅश बंद करावा, पाठ अथवा कोपर खांबाला टेकवावे, आणि कळ हलकेच दाबावी. त्याहून बरे म्हणजे कॅमेरा कठड्यावर ठेवून दोन सेकंदांनी आपोआप चित्र निघण्याची सोय लावावी. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत तिवई वापरण्यास वेगळी परवानगी लागते. मात्र सुलतानांनी बांधून ठेवलेला कठडा हीच फुकटची तिवई आहे. आयएसओचा आकडा जेथवर निभेल तेथवर शंभर-दोनशेवरच ठेवावा. तो वाढवला की उजेड मिळतो, पण चित्रावर रवाळ दाणे उमटतात.

रूपमतीच्या मंडपावर पोचेपर्यंत तिसरा प्रहर झाला. १५६१ साली अधमखानाने बाजबहादुराचा पराभव केला आणि मांडूचे हे पर्व संपले. मंडपाखाली कडा तुटतो आणि खाली निमाडचे मैदान पसरलेले दिसते. हवा स्वच्छ असेल तर दूरवर नर्मदेची रेघ चमकते. त्या दिवशी धूसर होते. पुतणीने झूम ताणता ताणता शेवटास नेले, तेव्हा पडद्यावर नुसता राखी रवा उरला. झूम दोन प्रकारचा असतो. भिंग पुढेमागे होऊन जे जवळ आणते ते खरे झूम. त्याच्या पलीकडे यंत्र आहे तेच चित्र कापून मोठे करून दाखवते, तो आभास. हा दुसरा प्रकार कॅमेऱ्याच्या यादीत जाऊन कायमचा बंद करून टाकावा. नर्मदा तिच्या चित्रात आली नाही. पण मंडपाच्या पायथ्याशी गोरखचिंचेची मोठाली फळे घेऊन बसलेली एक भिल्ल आजीबाई होती. या चिंचेला येथे खुरासानी इमली म्हणतात. हा मूळचा आफ्रिकेतला वृक्ष मांडूत शतकानुशतके रुजलेला आहे. पुतणीने आधी फळ विकत घेतले, दोन शब्द बोलली, मग विचारून तिचे चित्र काढले, आणि पडदा फिरवून तिला दाखवले. आजीबाईने निरखून पाहिले व पदर नीट करून दुसरे काढायला सांगितले. ते दुसरे चित्र त्या दिवसाचे सर्वांत चांगले ठरले. जहाजमहालाची चित्रे पुस्तकांत, दिनदर्शिकांत हवी तितकी सापडतात. आजीबाईचे चित्र मात्र आम्ही नसते काढले, तर बहुधा कोणीच काढले नसते.

घाट उतरून आम्ही मुक्कामास महेश्वरी गेलो. पुण्यश्लोक अहिल्याबाईंची ही राजधानी. १७९५ साली त्यांनी येथेच देह ठेवला. २०२५ साली त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. १८१८ साली होळकरांची राजधानी इंदुरास हलली आणि महेश्वर मागे राहिले, म्हणूनच कदाचित ते अद्याप महेश्वर राहिले आहे. गाव नर्मदेच्या उत्तर तीरावर, म्हणजे घाटांचे तोंड दक्षिणेकडे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्यामुळे नावेतून घाट पाहताना ऊन आपल्या पाठीशी असते आणि किल्ल्याच्या भिंती, छत्र्यांचे खांब, पायऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी असे सारे उजळून निघते. सकाळी व संध्याकाळी ते ऊन तिरपे येते, तेव्हा दगडातली वेलबुट्टी उठावदार दिसते.

नावेत बसताना कॅमेऱ्याची दोरी मनगटात अडकवावी, मग डबी हातात धरावी. हा क्रम चुकवू नये. वाळूवर बसताना कॅमेरा उघडा ठेवू नये. भिंग पदराने वा धोतराच्या सोग्याने पुसण्याची आपली जुनी खोड आहे. त्याऐवजी आधी फुंकर मारण्याच्या रबरी फुग्याने धूळ उडवून मग मऊ स्वच्छ फडके फिरवावे. पावसाळ्यात गारेगार मोटारीतून एकदम दमट हवेत कॅमेरा काढला, तर भिंगावर दव धरते. तेव्हा घाईने पुसत न बसता तो दहा-पंधरा मिनिटे पिशवीतच राहू द्यावा. ऊन पाठीमागे घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा काळा येतो, तेथे मात्र भर दिवसा फ्लॅश लावावा. रात्री दिव्यांची आरती टिपताना तो बंद करावा. दहा-बारा फुटांचा तो उजेड नदी ओलांडणार नाही. देवालयात तर पुजाऱ्यांस विचारल्यावाचून कॅमेरा बाहेरच काढू नये. अहिल्याबाईंच्या वेळेपासून चालत आलेले पार्थिव लिंगार्चन आम्ही पाहिले. मातीची लहान लहान लिंगे घडवून, पूजा होताच ती नर्मदेत विसर्जित करायची. परवानगी मिळाली तेव्हा पुतणीने केवळ हात आणि माती यांची चित्रे काढली, कॅमेऱ्यावरील फुलाची खूण लावून. ही खूण वीतभर अंतरावरील वस्तूंसाठी असते; ती लावली नाही तर जवळचे सारे अस्पष्ट येते. कळ अर्धी दाबून, हिरवी चौकट उमटल्यावरच पुरती दाबावी, हेही तिला एव्हाना साधले होते.

महेश्वरची खरी ओढ आमच्या सौभाग्यवतींना होती ती मागांची. येथील नावाजलेल्या साडीत रेशमी ताणा व सुती बाणा असतो, आणि काठांवर चटई, ईंट, लहर अशी नक्षी. किल्ल्याच्या व घाटाच्या दगडी कामातून ती साडीवर उतरली असे सांगतात. मध्यंतरी हा व्यवसाय मंदावला होता. १९७८ साली होळकर घराण्यातील रिचर्ड व सॅली होळकर यांनी ‘रेहवा’ संस्था काढली आणि मागांना पुन्हा उभारी आली. पुतणीने घाटावरच्या दगडी पट्टीचे एक चित्र काढले आणि मागावरच्या काठाचे दुसरे. दोन्ही शेजारी ठेवली तर वर्गात तासभर शिकवता येईल. मागाच्या खोलीत ट्यूबलाईटखाली साडीचा केशरी रंग हिरवट दिसू लागला, तेव्हा ‘व्हाइट बॅलन्स’ नावाची सोय ट्यूबच्या चित्रावर नेल्यावर तो ताळ्यावर आला. रंगाची खात्री हवी असेल तर कापड दाराशी, सावलीतल्या उजेडात धरावे, हा सर्वांत सोपा उपाय.

आम्ही ज्यांच्या मागापाशी थांबलो, ते विणकर सत्तरीच्या घरातले. धोटा फेकता फेकता ते म्हणाले, "माट्साब, येणारा प्रत्येक जण माझे फोटो काढतो. कितीतरी माणसांनी काढले. पण माझ्या घरात माझा एकही फोटो नाही." हे ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत, सूत तुटले म्हणून सांगावे तसे सांगून ते पुन्हा कामाला लागले. आम्ही सर्वच क्षणभर गप्प झालो. मग पुतणीनेच विचारले, "आजींना बोलावता का?" आजी आतून हात पुसत आल्या. दाराशी सावलीत दोन स्टूल ठेवले. मागाजवळ पाठीला पोक काढून बसणारे म्हातारबाबा तेथे ताठ बसले आणि आजींनी पतीच्या टोपीची घडी स्वतः नीट केली. तीन चित्रे काढली. पत्ता व दोघांची पूर्ण नावे वहीत लिहून घेतली.

इंदुरास परतल्यावर आठवड्याच्या आत मोठ्या आकाराच्या दोन प्रती छापून आम्ही डाकेने धाडल्या. पंधरा दिवसांनी उत्तराचे पत्र आले, नातवाच्या अक्षरात. चित्र भिंतीवर लावले आहे; खरगोनला दिलेल्या मुलीने एक प्रत मागितली आहे, पाठवता येईल का, पैसे पाठवतो. पैसे अर्थातच घेतले नाहीत. एका प्रतीस चहाच्या पेल्याहून फार अधिक खर्च येत नाही. "पाठवतो हं" असे प्रवासात म्हणणे सोपे असते; ज्याला खरोखर पाठवायचे असेल त्याने नाव व पत्ता त्याच वेळी लिहून घ्यावा, एवढी एकच युक्ती आम्ही सांगू शकतो.

या सर्व उपद्व्यापाची आवश्यकता काय, असे कोणी विचारील. इंदूरकरांना तरी हे समजावून सांगावे लागू नये. १९८४ सालच्या दंगलीत आपला सात मजली राजवाडा पेटला; दर्शनी भाग राहिला, मागचा भाग जळून गेला. पुढे त्याची पुनर्बांधणी झाली, कारण तो राजवाडा होता. त्याची चित्रे, नकाशे, आठवणी शेकडो जणांपाशी होत्या. परंतु आमच्या गल्लीतला एका मराठी कुटुंबाचा दोन चौकांचा वाडा काही वर्षांपूर्वी विकला गेला व पाडला गेला, त्याचे काय? त्याच्या तुळशीवृंदावनापाशी आमच्यासारख्या निदान पन्नास मुलांनी खेळून गुडघे फोडले असतील. आज शोधू जाता त्या वाड्याचे नीट असे एकही चित्र सापडत नाही. लग्नाच्या छायाचित्रांत मागे कुठे अर्धा खांब दिसतो, कुठे ओटीची कड. मांडवाची चित्रे काढली, वाड्याची कोणी काढली नाहीत. कारण वाडा रोजच होता.

ग्वाल्हेर, देवास, धार, बडोदे, बेळगाव, सर्वत्र हेच चालू आहे. आपण महाराष्ट्राबाहेरची माणसे. आपला इतिहास लिहायला कोणी दुसरे येणार नाही. तेव्हा पुढच्या सुट्टीत मांडू-महेश्वरला अवश्य जावे, पण त्याआधी एका रविवारी हाच कॅमेरा घेऊन आपल्याच घरात फिरावे. दिंडी दरवाजा, जिन्याचा गुळगुळीत झालेला कठडा, देवघर, स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटा, आजीच्या हाताचे मोडी लिपीतले कागद. कागदाचे चित्र काढताना तो खिडकीजवळ सपाट ठेवावा, फ्लॅश बंद करावा आणि कॅमेरा बरोबर वरून धरावा. अक्षर अन् अक्षर वाचता येते. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवून एक चित्र काढावे, आणि जुना अल्बम त्यांच्यासमोर उघडून प्रत्येक चेहऱ्याचे नाव विचारून घ्यावे. आज ते सांगणारे माणूस घरात आहे.

आणि काढलेल्या चित्रांचे काय करावे, हेही सांगून ठेवतो. तीनशेतून तीस निवडावीत. ती संगणकावर साल व गाव यांच्या नावाने ठेवावीत, आणि एक प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे वा बहिणीकडे द्यावी. एकाच कपाटातल्या दोन प्रती म्हणजे आगीच्या दृष्टीने एकच प्रत. कॅमेरा बरेच महिने वापरायचा नसेल तर बॅटरी काढून, अर्धी भारलेली, थंड जागी ठेवावी. तीसांपैकी दहा तरी कागदावर छापून घ्यावीत. छापलेल्या चित्राच्या मागे, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे: कोण, कोठे, केव्हा. शाईचे पेन वापरू नये, ती पुढे उमटते. नाव पूर्ण लिहावे. ‘काकू’ असे लिहू नये. पन्नास वर्षांनी ते चित्र ज्याच्या हाती पडेल, त्याची ती काकू नसेल.